शेवटची मुदत : १ डिसेंबर

हा जाहीर इशारा राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाला आहे. वैद्यकीय शिक्षण विभागाला आहे, महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेला आहे, कल्याण-डोंबिवली आणि पुणे महानगरपालिकांच्या आयुक्तांना आहे, आणि पाटी लावून दवाखाना चालवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आहे. तोंडी सांगून झाले. निवेदने देऊन, त्यांच्यावर आवकचे शिक्के मारून घेऊन झाले. आता मुदत देत आहोत. येत्या १ डिसेंबरला जागतिक एड्स दिन आहे. त्या दिवशी तुम्ही लाल फिती लावून प्रभातफेरी काढता, पथनाट्य बसवता आणि आमच्यातल्या चौघी-पाचजणींना बॅनर धरायला पुढे उभे करता. खाली मागितलेल्या गोष्टी त्या दिवसाच्या आत झाल्या नाहीत, तर बॅनर धरायला आमच्यातली कुणी येणार नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून आपली गाठ एचआयव्ही कायद्याखालच्या लोकपालापुढे आणि न्यायालयात पडेल.

मी पारलिंगी स्त्री आहे. आमच्या माणसांना चाचणीला घेऊन जाणे, एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या, केंद्रावर त्यांच्या शेजारी बसणे आणि पुष्कळदा शवागाराबाहेर त्यांची वाट पाहणे, यात माझी उमेदीची वर्षे गेली. इथे लिहिलेले ऐकीव नाही.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, तुमचेच आकडे घ्या. देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या पाहणीत हिजडा आणि पारलिंगी समूहात ते ३.७८ टक्के निघाले, म्हणजे अठरा-एकोणीस पट. त्याआधीच्या २०१७ च्या पाहणीत ते ३.१४ टक्के होते. मधल्या वर्षांत आकडा खाली यायला हवा होता, तो आला नाही. आणि ही पाहणी होते ती मुख्यतः एड्स नियंत्रणाच्या प्रकल्पांच्या यादीत नाव असलेल्यांची, ज्यांच्यापर्यंत कार्यकर्ती पोचली आहे, ज्यांच्या हातात कंडोम पडला आहे. ज्या कुणाच्याच यादीत नाहीत, त्यांचे प्रमाण किती असेल याचा विचार आरोग्य भवनात बसलेल्यांनी एकदा शांतपणे करावा. देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची सर्वांत मोठी संख्या आपल्या राज्यात आहे, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

हा आजार आमच्याकडे जास्त का, याचे उत्तर आमच्या शरीरात शोधू नका. पंधरा-सोळाव्या वर्षी घरातून काढलेल्या मुलाची शाळा सुटते. दाखला नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून मंगती, म्हणजे भीक मागणे, आणि मंगतीवर खोलीचे भाडे निघेनासे झाले की हायवेवर किंवा स्टेशनबाहेर धंदा. तिथे कंडोमचा आग्रह धरला की गिऱ्हाईक निघून जाते किंवा हात उगारते. पर्समध्ये कंडोम सापडले म्हणून पोलिसांनी दम भरल्याचे आमच्यातल्या कितीतरी जणी सांगतील. एवढ्यातून वाट काढून एखादी दवाखान्यात पोचते, तर केसपेपरच्या खिडकीवरचा माणूस आधार कार्डावरचे पुरुषी नाव मोठ्याने पुकारतो. सगळी रांग वळून बघते. ती केसपेपर न घेताच मागे फिरते. तुमच्या नोंदीत ती आलीच नव्हती, त्यामुळे तिला परत पाठवल्याचीही नोंद नाही.

जी मागे फिरत नाही तिचे काय होते तेही सांगते. माझ्या एका चेल्याला धाप लागली होती, अंगात ताप होता. रात्री आम्ही तिला एका मोठ्या रुग्णालयात नेले. पुरुषांच्या वॉर्डातून बायकांच्या वॉर्डाकडे पाठवले, बायकांच्या वॉर्डातून परत पुरुषांच्या. निवासी डॉक्टर म्हणाले, वरिष्ठांना विचारतो. वरिष्ठ सकाळी येणार होते. पहाटेपर्यंत तिचे स्ट्रेचर व्हरांड्यात होते, आणि वॉर्डबॉय तिच्या चादरीला हात लागणार नाही अशा बेताने जात-येत होता, कारण तोवर तिच्या कागदावर कुणीतरी लाल पेनाने मोठ्या अक्षरांत तिचा रिपोर्ट लिहून ठेवला होता. छातीचा एक्स-रे निघाला दुसऱ्या दिवशी दुपारी. क्षयरोग होता. एचआयव्ही असलेल्या माणसाला क्षयरोग होणे ही डॉक्टरांना रोजची गोष्ट आहे, दोन्हींवर औषध आहे आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती काही दिवसांत गेली. मृत्यूच्या दाखल्यावर आजाराचे नाव आहे. तिला कुठल्या वॉर्डात घ्यायचे हे रात्रभर ठरले नाही, ही गोष्ट कुठल्याच कागदावर नाही.

मुंबईत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात फेब्रुवारी २०२३ मध्ये तृतीयपंथीयांसाठी तीस खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. चांगले झाले, आणि ज्यांनी केले त्यांना मान आहे. पण त्यामुळे आता कुणाही जिल्हा शल्यचिकित्सकाने असे करता येत नाही म्हणून सांगू नये. मुंबईत जमते ते सोलापूरच्या, नांदेडच्या आणि धुळ्याच्या सिव्हिलमध्ये जमलेच पाहिजे. स्वतंत्र कक्षाला जागा नसेल तर किमान एक लेखी आदेश काढा की रुग्ण स्वतःचे जे लिंग सांगेल त्या वॉर्डात तिला किंवा त्याला दाखल करायचे, आणि हा निर्णय अपघात विभागातल्या डॉक्टरने तिथल्या तिथे घ्यायचा.

आता मित्र क्लिनिकबद्दल, कारण आमच्या संतापाचे मूळ तिथे आहे. जानेवारी २०२१ मध्ये हैदराबादला पारलिंगी लोकांसाठीचा देशातला पहिला असा दवाखाना उघडला. मग कल्याणला आणि पुण्याला उघडला. त्या दवाखान्यांत काम करणाऱ्यांत आमचीच माणसे होती. दारात शिरताना कुणी वरपासून खालपर्यंत न्याहाळत नव्हते. एखादी मुलगी हार्मोन्सबद्दल विचारायला यायची, चेहऱ्यावरच्या केसांसाठी यायची, घरच्यांनी मारले म्हणून रडायला यायची. बोलता बोलता विश्वास बसायचा, आणि मग ती स्वतःहून म्हणायची, ती रक्ताची तपासणीही करून टाका. एचआयव्हीच्या नावाने जी कधीच आली नसती, ती अशी चाचणीपर्यंत पोचायची. पॉझिटिव्ह निघाली तर औषध सुरू व्हायचे आणि ते सुटू नये म्हणून पाठपुरावा व्हायचा. सिफिलिस, इतर गुप्तरोग, मनाचे आजार, कागदपत्रांची मदत, सगळे एका छताखाली. तिन्ही ठिकाणी मिळून हजारो लोकांनी त्याचा लाभ घेतला. आमच्या लोकांना दवाखान्यात कसे आणायचे, हा प्रश्न तिथे सुटला होता.

या दवाखान्यांचा पैसा अमेरिकन सरकारचा होता. २० जानेवारी २०२५ ला तिथल्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदत गोठवणाऱ्या आदेशावर सही केली आणि काही दिवसांत तिन्ही दवाखाने बंद झाले. ज्यांची हार्मोन्सची मात्रा अर्ध्यावर होती, ज्यांनी नुकताच रिपोर्ट ऐकला होता, ज्या औषधाच्या पहिल्याच महिन्यात होत्या, त्यांना दाराला कुलूप दिसले. हैदराबादचा दवाखाना पुढे टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने ‘सबरंग’ या नावाने सुरू झाला. ज्यांनी ते केले त्यांचे उपकार आहेत. पण वॉशिंग्टनमधल्या एका सहीवर कल्याणच्या रुग्णाचा उपचार थांबतो, ही लाज कुणाची? राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्यासाठी केंद्र सरकारने १५,४७१.९४ कोटी रुपये मंजूर केले होते. देशात पैसा होता. आमच्यासाठीचे जे दवाखाने खरोखर चालले, ते मात्र परक्याच्या पैशावर उभे होते, आणि त्याने हात काढून घेतला त्या दिवशी मागे आपले सरकार उभे नव्हते. यापुढे असे दवाखाने सरकारच्या अर्थसंकल्पातून, सरकारच्या नावावर चालले पाहिजेत. दात्याच्या मर्जीवर उघडणारे आणि मिटणारे दार आम्हाला नको आहे.

तोवर आमची माणसे जातात कुठे? एआरटी केंद्रावर. ही केंद्रे वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. एप्रिल २००४ मध्ये देशात मोफत एआरटी सुरू झाली तेव्हापासून तिने लाखोंचे प्राण वाचवले, आणि तिथल्या कित्येक समुपदेशकांनी पदरमोड करून आमच्या पोरींना एसटीचे भाडे दिलेले मी पाहिले आहे. पण केंद्र सकाळी उघडते आणि दुपारनंतर औषधाची खिडकी बंद होते. लोकलमध्ये, सिग्नलवर आणि बाजारात मंगती सकाळीच होते, आणि रात्री धंद्यावर असलेली बाई पहाटे झोपते. महिन्यातला एक दिवस केंद्रावर गेला तर त्या दिवसाची कमाई गेली आणि घराचा हिस्सा चुकला. मग ती म्हणते, पुढच्या आठवड्यात जाईन. औषध थांबले की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढू लागतो. गोळ्या नीट घेणाऱ्या माणसाच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरत नाही आणि त्याच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे विज्ञानाने सिद्ध झालेले आहे. म्हणजे संध्याकाळी दोन तास उघडी राहिलेली खिडकी तिचा जीव वाचवते आणि तिच्याकडे येणाऱ्याचाही, त्याच्या घरी बसलेल्या बायकोचाही. यासाठी नवी इमारत लागत नाही. एका औषधनिर्मात्याची दुसरी पाळी लागते.

हार्मोन्सचा विषय तर तुमच्या एकाही फलकावर नाही, आणि गोळ्या सुटण्याचे एक मोठे कारण तिथे आहे. आमच्या पोरी औषधाच्या दुकानातून माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्या आणून मनाला येईल तितक्या खातात, कारण छाती यावी, आवाज-कातडी मऊ व्हावी असे त्यांना वाटते आणि विचारायला डॉक्टर नाही. इतक्या मात्रेत त्या रक्तात गुठळ्या करू शकतात. त्यातच कुणीतरी सांगते की एचआयव्हीच्या गोळीने हार्मोन्स मारले जातात. झाले, ती एआरटी सोडते. स्त्रीसारखे दिसणे तिला जगण्याइतकेच हवे असते, हे ज्याला कळत नाही त्याने तिला समुपदेशन करू नये. खरे असे आहे की आज सरकारी केंद्रात बहुतेकांना मिळणारी टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिरची एकत्र गोळी नेहमीच्या स्त्री-हार्मोन्सना अडथळा आणत नाही. हे एक वाक्य प्रत्येक एआरटी केंद्राच्या भिंतीवर मराठीत आणि हिंदीत लावा. दोन्ही औषधे एकाच डॉक्टरच्या नजरेखाली मिळाली तर एकासाठी दुसरे सोडायची वेळच येणार नाही.

कायद्याचे म्हणाल तर तो पूर्णपणे आमच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात केंद्राला आणि राज्यांना सांगितले की आम्हाला रुग्णालयांत उपचार मिळतील हे पाहा आणि एचआयव्हीच्या सर्वेक्षणासाठी स्वतंत्र केंद्रे चालवा. २०१९ च्या पारलिंगी व्यक्तींच्या कायद्याने पंधराव्या कलमात तेच सरकारचे कर्तव्य म्हणून लिहिले, हार्मोन्स, शस्त्रक्रिया आणि वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या फेरविचारासह. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचार नाकारणे त्याने बेकायदा ठरवले. उपचाराआधी एचआयव्ही चाचणीची अट घालणे बेकायदा ठरवले. संमतीशिवाय चाचणी आणि संमतीशिवाय कुणाचा रिपोर्ट उघड करणे, म्हणजे लाल पेनाने केसपेपरवर लिहिणे, तेही. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी हवा. राज्यात लोकपाल हवा, त्याने तीस दिवसांत आणि वैद्यकीय आणीबाणी असेल तर चोवीस तासांत आदेश द्यायचा. आदेश न पाळणाऱ्याला दंड, आणि न पाळलेल्या प्रत्येक दिवसाचा वाढीव दंड. आता मला सांगा, तुमच्या रुग्णालयाच्या कुठल्या भिंतीवर या लोकपालाचे नाव आणि पत्ता वाचायला मिळतो?

खासगी डॉक्टरांशी वेगळे बोलायचे आहे. तुम्ही सरळ नाही म्हणत नाही. तुम्ही म्हणता, आमच्याकडे सोय नाही, मोठ्या रुग्णालयात जा. मूळव्याधीची शस्त्रक्रिया असो की दाढ काढायची असो, रिपोर्ट पाहिला की सोय संपते. एचआयव्हीसाठी वेगळे शस्त्रक्रियागृह लागत नाही. प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत जी खबरदारी घ्यायची तीच घ्यायची असते. सुई टोचलीच तर ७२ तासांच्या आत सुरू करायचा २८ दिवसांचा प्रतिबंधक औषधोपचार आहे आणि तो पुरवण्याची जबाबदारी कायद्याने रुग्णालयावर टाकली आहे. १९९७ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने एका कामगाराला केवळ एचआयव्हीमुळे काम नाकारता येणार नाही असा निकाल दिला होता. इतक्या वर्षांनी तुम्ही अडाणीपणाची सबब सांगू शकत नाही. यापुढे जो डॉक्टर आमच्या माणसाला परत पाठवेल, त्याच्याकडून आम्ही नकाराचे कारण लेखी मागू. दिले नाही तर तारीख, वेळ आणि साक्षीदारांसह तक्रार लोकपालाकडे आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे जाईल.

आमच्या गुरू-चेल्यांच्या घरांनाही सांगणे आहे, कारण इशारा फक्त बाहेरच्यांना देऊन भागणार नाही. गुरूमाँ, नानी, तुमचा मान मोठा आहे. पण पॉझिटिव्ह निघालेल्या चेल्याला ताट वेगळे दिले, रात्रीतून खोलीबाहेर काढले, तिच्या गोळ्या फेकल्या, तर तो प्रश्न आम्ही जमातीत मांडू आणि गप्प बसणार नाही. निर्वाणासाठी, म्हणजे लिंगछेदनासाठी, कुणा अर्ध्या-कच्च्या माणसाच्या पात्याखाली पोरीला झोपवू नका. आणि पोरींनो, डेरा बदलायचा असेल, सुरतेला किंवा दिल्लीला जायचे असेल, तर आधी एआरटी केंद्रावर जाऊन बदलीचा कागद घ्या आणि प्रवासापुरत्या गोळ्या बरोबर घ्या.

तर १ डिसेंबरच्या आत आम्हाला काय हवे आहे ते असे. कल्याण आणि पुण्यात पारलिंगी लोकांसाठी पालिकेच्या किंवा राज्याच्या पैशाने चालणारा, आमची माणसे पगारावर असलेला, एचआयव्हीची चाचणी-उपचार आणि हार्मोन्स एकत्र देणारा दवाखाना, आणि इतर जिल्ह्यांसाठी तारखांसह लेखी आराखडा. प्रत्येक सिव्हिलला आणि वैद्यकीय महाविद्यालयाला वॉर्डाबद्दलचा आदेश. केसपेपरवर रुग्ण सांगेल ते नाव, आणि पुकारायचेही तेच. एआरटी केंद्र आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी उघडे, आणि तब्येत स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम. लागण होण्याआधी घ्यायची प्रतिबंधक गोळी, प्रेप, हिच्याबद्दल केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०२२ पासून आहेत. ती ज्यांना हवी त्यांना सरकारी दवाखान्यात मोफत. लोकपालाचे आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव-नंबर केसपेपरच्या खिडकीवर. आयुष्मान भारतच्या टीजी प्लस योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार जाहीर झाले, पण त्यासाठीचे ओळखपत्रच हातात नाही अशा असंख्य आहेत. त्यांच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनी वस्त्यांवर येऊन शिबिरे घ्यावीत. यातले बरेचसे एका परिपत्रकाने होण्यासारखे आहे.

झाले नाही तर २ डिसेंबरला माहिती अधिकाराचे अर्ज प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पडतील: तक्रार अधिकारी कोण, नेमला कधी, तक्रारी किती आल्या. ज्या रुग्णालयात अधिकारी नाही, तिथल्या प्रमुखाविरुद्ध लोकपालाकडे तक्रार होईल. उपचार नाकारल्याची शपथपत्रे गोळा करायला आम्ही सुरुवात केली आहे आणि ती घेऊन मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल होईल. जिथे जीव धोक्यात घातला गेला तिथे २०१९ च्या कायद्याखाली पोलीस ठाण्यात फिर्याद होईल. त्यात कारावासाची तरतूद आहे. आणि आरोग्य भवनासमोर आम्ही बसू. २०२२ मध्ये औषधांचा तुटवडा पडला तेव्हा एचआयव्हीसह जगणारी माणसे दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयाबाहेर चाळीसहून अधिक दिवस बसली होती. आम्हीही बसू शकतो.

उपोषण करणार नाही. एआरटीवर असलेल्या कुणीही उपाशी राहायचे नाही, असे आमच्यात ठरले आहे. धरण्यावर जेवणाची आणि गोळ्यांच्या वेळेची व्यवस्था आम्ही करू, क्षयरोगाचे औषध चालू असलेल्यांना तिथे बसवणार नाही, आणि पाळ्या लावून बसू म्हणजे कुणाची एआरटीची तारीख चुकणार नाही. चर्चेला बोलवायचे असेल तर बोलवा, पण त्या खोलीत सही करण्याचा अधिकार असलेला अधिकारी हवा. उत्तर लेखी पाठवा, कोणते काम कोणत्या तारखेला होईल ते लिहून.